दोघं गेलो होतो

चैत्र लागला की आमच्याकडची हवा पिवळी होते. गावोगावच्या यात्रा सुरू होतात, बैलगाड्यांचे घाट गजबजतात, आणि बैलांच्या पाठीवर, माणसांच्या टोप्यांवर, वाटेवरच्या बाभळींवर भंडारा उधळला जातो. हळद, धूळ, घाम आणि शेण यांचा मिळून एक वास होतो. बोरी बुद्रुकला मी माझ्या अंगणात बसलेला असलो तरी वारा फिरला की तो वास येतो. दुसऱ्यांना त्या वासानं उधाण येतं. माझं तोंड कडू होतं. घरातल्यांना हे ठाऊक आहे. या दिवसांत माझ्या वाटेला कोणी जात नाही.

त्या वासात माझ्यासाठी एक माणूस उभा आहे. किसन त्याचं नाव. घोडेगावच्या वरच्या अंगाला त्याचं गाव. तो माझा मित्र नव्हता, आजही नाही. पण एका उन्हाळ्याची गोष्ट त्याच्याशिवाय सांगता येत नाही, आणि ती मी बरीच वर्षं चुकीची सांगितली.

सुरुवात घाटातच झाली. घाट म्हणजे बैलगाडे पळवायची चढाची धाव. मी तेव्हा अकरावीत होतो. किसन माझ्याच वयाचा. त्यांचं घराणं पूर्वी मेंढरं घेऊन फिरणारं, आता चार पिढ्या एका जागी शेती करणारं. आमच्या घरात मात्र त्यांचा उल्लेख अजून 'मेंढरामागचे' असाच व्हायचा. त्या वर्षी त्यांचा गाडा आमच्या गाड्याच्या पुढे गेला. फार नाही, एका श्वासाचा फरक. माझे चुलते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मेंढरं हाकणारी आता गाडं हाकाया लागली. दिवस बघा कसं आल्यात."

किसनचा बाप जवळच उभा होता. म्हातारा हसून म्हणाला, "हाकलं की, पाटील. आन म्होरंबी गेलं."

चुलत्यांनी त्याला ढकललं. म्हाताऱ्याचं पागोटं धुळीत पडलं. मी हसलो. मी एवढंच केलं होतं. किसन कुठून आला ते दिसलंच नाही. त्याची मूठ माझ्या तोंडावर बसली आणि पुढचा दात अर्धा तुटला. मग दोन्ही गावांची माणसं एकमेकांवर पडली. घोडेगावच्या कोर्टात तीन वर्षं तारखा चालल्या. शेवटी तडजोड झाली, सह्या झाल्या. माफ कोणी कोणाला केलं नाही.

नंतर मी फौजेत भरती झालो. ट्रेनिंग संपवून पलटणीत गेलो, बराकीत ट्रंक ठेवली, मान वर केली, तर समोरच्या खाटेवर किसन बसलेला. त्यानं माझ्या दाताकडे पाहिलं. मी त्याच्या मुठीकडे पाहिलं. आमचे हवालदार साताऱ्याकडचे, फार कौतुकानं म्हणाले, "काय रे, एकाच तालुक्याचं का?"

"न्हाई, साहेब," दोघंही एकदम म्हणालो.

एकमतानं उच्चारलेलं आमचं ते पहिलं वाक्य. पुढे बराच काळ दुसरं नव्हतं.

दोघंही बारावी झालेले म्हणून दोघांनाही सिग्नलच्या कामाला घेतलं. सिग्नलवाला म्हणजे बोलणं पोचवणारा. पाठीवर वायरलेस सेट, नाहीतर खांद्यावर तारेचं रीळ. पुढची तुकडी जिथे जाईल तिथपर्यंत तार टाकत जायचं, तुटली तर शोधून जोडायची. तार सोलायला चाकू असतो, पण घाईत सगळे दातांनीच सोलतात. मला ते जमत नसे, कारण पुढचा दात किसननं ठेवला नव्हता. तो माझ्याकडे बघत बघत दातांनी तार सोलायचा. मुद्दाम. सरावात एका टोकाला तो असायचा, दुसऱ्या टोकाला मी. "हॅलो, लाईन टेस्ट." "लाईन ओके." दिवसभरात एवढंच. हवालदार म्हणायचे, "तुमच्या दोघांची लाईन लई स्वच्छ आहे. एक शब्द फालतू नाही."

मग तो उन्हाळा आला. आम्ही दोघंही यात्रेच्या सुट्टीवर होतो, अर्थात आपापल्या गावी. वैशाखात तार आली: ताबडतोब हजर व्हा. रेडिओवर कारगिलचं नाव येऊ लागलं होतं. आईनं भाकऱ्या बांधून दिल्या. त्यांच्या वासावर घरच्या अंगणातल्या भंडाऱ्याचा वास चढलेला होता. आळेफाट्याला मी पुण्याची एस.टी. धरली. पेठला गाडी थांबली आणि किसन चढला. त्याची बहीण तिथे दिलेली, तिला भेटून निघाला असावा. गाडीत एकच जागा रिकामी होती, माझ्या शेजारची. तो माझ्याकडे बघून दांडा धरून उभा राहिला. कंडक्टर म्हणाला, "बसा की राव, जागा हाय."

"इथं न्हाई बसायचं," किसन म्हणाला.

पुण्यापर्यंत तो उभा आला. पुढे जम्मूपर्यंत एकाच डब्यात होतो. त्याच्याकडे पाण्याची बाटली नव्हती, माझ्याकडे दोन होत्या. त्यानं मागितली नाही. मी दिली नाही. लढाईला निघालेली दोन तरणी माणसं, आणि मनात शत्रू एकच, तोही समोरच्या बाकावर बसलेला.

तो डोंगर मी आजही माफ करत नाही. आमचे सह्याद्रीचे डोंगर कितीही उंच असले तरी माणसाला कुठेतरी टेकू देतात. झाड असतं, झरा असतो, एखादं देऊळ असतं. तिथे काहीच नव्हतं. नुसता फुटका दगड आणि वर बर्फ. श्वास घेतला तरी घेतल्यासारखा वाटत नसे. बोटं सुजायची, नखांखाली रक्त साचायचं. उन्हात पाठ भाजायची आणि सावलीत गेलं की त्याच पाठीवर घाम गोठायचा. वरच्या धारेवर शत्रू बसलेला, त्याला खालचं सगळं दिसायचं. पाणी आणायला गेलेला माणूससुद्धा दिसायचा. रागानं दगडाला लाथ मारावी तर दगड गडगडायचा आणि त्या आवाजावर गोळी यायची. आपण तिथे नको आहोत हे ती जागा रोज नव्यानं सांगायची.

आमच्या कंपनीला ती धार घ्यायची होती. खाली घळीत तोफांना फोन करणारे साहेब बसले होते. वर, धारेच्या पोटाशी, कंपनी खडकांमागे चिकटली होती. मध्ये एक टप्पा होता, तिथे दगड रचून केलेला छातीएवढा आडोसा, आणि त्यात आम्ही दोघं. खालून वरपर्यंत एक काळी तार. वायरलेस सेट होते, पण थंडीनं त्यांच्या बॅटऱ्या मरत होत्या, आणि आपलं बोलणं शत्रू ऐकतो अशीही शंका होती. म्हणून ती तार महत्त्वाची. कंपनी पुढे सरकली की आपल्या तोफांचा मारा तिच्यापुढे सरकायला हवा. निरोप पोचला नाही तर आपलाच गोळा आपल्याच माणसांवर पडणार.

हवालदारांनी सकाळी सांगितलं होतं, "तार तुटली की आळीपाळीनं जायचं. एकदा हा, एकदा तो. भांडण घरी जाऊन करा."

उजाडल्यावर हल्ला सुरू झाला आणि लगेचच तार तुटली. फोनची मूठ फिरवली तर ती हलकी फिरली. पलीकडे कोणी नाही. पहिली पाळी किसनची. तो तार मुठीतून सरकवत, जवळजवळ पोटावर, चढानं वर गेला. आजूबाजूला गोळे पडत होते. मी आडोशाच्या फटीतून बघत होतो. खरं लिहायचं म्हणून बसलो आहे तर हेही लिहितो, की तो परत नाही आला तर बरं, असा एक विचार मनात येऊन गेला. जोड मारला की तिथूनच कमरेचा छोटा फोन तारेला लावून कळवायचं असे. थोड्या वेळानं फोन वाजला. "लाईन ओके," त्याचा कोरडा आवाज. तो परत आला, पाणी प्यायला, माझ्याकडे पाठ करून बसला.

दुसऱ्यांदा माझी पाळी. मी गेलो. हे सांगायला हवं, कारण पुढचं सांगितल्यावर कोणाला वाटेल हा पहिल्यापासूनच भित्रा. मी गेलो. तुटलेलं टोक सापडलं, दुसरं टोक दहा पावलांवर होतं, आणि दोन टोकांच्या मध्ये आमच्या कंपनीचा एक जवान पडलेला होता. आदल्या दिवशी त्यानं माझ्याकडे काडेपेटी मागितली होती. त्याचे डोळे उघडे होते. रिळातली तार त्याच्या अंगावरून पलीकडे नेऊन मी जोड मारला. बोटं माझी नव्हतीच. चाकू दोनदा सुटला. परत आडोशात आलो आणि फोनला हात न लावता दगडाला टेकून बसलो. किसननंच मूठ फिरवून तपासलं आणि खाली कळवलं.

तिसऱ्यांदा किसन. तो लगेच उठला नाही, हे तेव्हा माझ्या नजरेला आलं होतं, पण मी स्वतःतच बुडालेलो होतो. मग तो गेला. या वेळी गोळे आडोशाच्या अगदी जवळ पडत होते, दगडांचे कपचे आत येत होते. तो परत आला तेव्हा त्याच्या कानाजवळून रक्त येत होतं.

आणि चौथ्यांदा तार तुटली. त्याच वेळी वर कंपनी खडकांमागून उठायच्या तयारीत होती. तोफांचा मारा त्याच जागेवर पडणार होता जिथे आता आपली माणसं जाणार होती. खालून कोणीतरी ओरडत होतं, "लाईन! लाईन!"

पाळी माझी होती. मी रीळ खांद्याला लावलं. गुडघा टेकला. पुढे काही झालंच नाही. पाय ऐकेनात. मी त्यांना शिव्या दिल्या, मांडीवर बुक्की मारली. पाय म्हणजे दुसऱ्याच कोणाचे तरी लाकडाचे ओंडके. किसन माझ्याकडे बघत होता. त्याच्या नजरेत दया नव्हती. दया असती तर मी कदाचित उठलो असतो.

"सरक," तो म्हणाला. माझ्या खांद्यावरचं रीळ त्यानं हिसकून घेतलं आणि बाहेर पडला.

जोड मारताना गोळा जवळ फुटला आणि त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, मनगट फाटलं. तरी फोन वाजला. वेड्यावाकड्या श्वासात आवाज आला, "लाईन ओके." मी खाली कळवलं. मिनिटाभरात तोफांचा मारा पुढे सरकला आणि कंपनी उठली. दुपारपर्यंत धार आमची होती. गेलेले सगळे खाली आले नाहीत, पण आपल्या गोळ्यानं कोणी मेलं नाही. किसन सरपटत परत आला. जोड डाव्या हातानं आणि दातांनी मारला होता. ओठ फाटले होते. मी त्याचा हात बांधला. त्यानं मान फिरवून घेतली. मग तो बेशुद्ध झाला आणि त्याला खाली नेलं.

तिसऱ्या दिवशी कॅप्टनसाहेबांनी मला बोलावलं. किसन तेव्हा दवाखान्यात होता, त्याला विचारण्यासारखी परिस्थिती नव्हती. साहेब कागद घेऊन बसले होते.

"चौथ्या वेळी कोण गेलं होतं?"

एक नाव घ्यायचं होतं. तीन अक्षरं. मी म्हणालो, "दोघं गेलो होतो, साहेब."

साहेबांनी लिहून घेतलं. हवालदार शेजारी उभे होते. ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. माझ्या अंगावर एक ओरखडा नव्हता.

पावसाळा सरल्यावर घोडेगावात आमचा सत्कार झाला. दोन तालुक्यांचे दोन सुपुत्र, असा फलक. मंडपात भोंगे, शाळेची लेझीम, फेटे. एकाच हारात दोघांना अडकवून फोटो काढायची कोणाला तरी हौस आली. किसननं मान काढून घेतली. शाबासकीचा कागद मोठ्यानं वाचला गेला. "दोघांनीही जिवाची पर्वा न करता..." मी किसनकडे पाहिलं. आता हा उठेल, आता बोलेल. माझी पाठ घामानं भिजली. तो समोर बघत बसला होता, बँडेजचा हात मांडीवर. कागद वाचून संपला तरी तसाच.

खाली उतरल्यावर त्याची आई माझ्यापाशी आली. माझ्या तोंडावरून हात फिरवत म्हणाली, "माझ्या लेकाला एकट्याला न्हाई सोडलंस, बाबा. घाटातलं इसरून गेलास. तुझ्या पायावं डोकं ठेवावं वाटतंय."

मी पाय मागे घेतले. ती म्हातारी माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

नंतरची वर्षं रागात गेली. पेन्शनीवर गावी आलो, द्राक्ष लावलं, कांदा लावला. भिंतीवर तो कागद काचेत होता. पाव्हणे आले की चुलते त्यांना तो दाखवायचे. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की किसन मोठ्या मनाचा निघाला. त्यानं मला झाकलं. आणि या मोठेपणाबद्दल मी त्याचा पूर्वीपेक्षा जास्त द्वेष करू लागलो. दात तोडला तेव्हाही इतका केला नव्हता. उपकार परत करता येत नसेल तर माणूस उपकार करणाऱ्यालाच खाऊ लागतो. आळेफाट्याच्या बाजारात तो दिसला की मी गल्ली बदलायचो.

दोन वर्षांपूर्वीच्या चैत्रात मला ते असह्य झालं. त्यांच्या गावची यात्रा होती. मी मोटारसायकल काढली आणि गेलो. घाटात किसन आपल्या बैलांच्या वेसणी धरून उभा होता, डाव्या हातानं. उजवा हात नुसता बैलाच्या मानेवर टेकवलेला.

"किसन, बोलायचंय," मी म्हणालो.

"बोल की. कोन अडीवतंय?"

"त्या दिवशी चौथ्यांदा..."

"मला नको सांगू. मी व्हतो तिथं. तू नव्हतास."

त्यानं हे अगदी साधेपणानं सांगितलं. मग मी विचारलं, "तर बोलला का नाहीस? घोडेगावात, माईक समोर होता. का झाकलंस मला?"

तो हसला. त्याला हसताना मी पहिल्यांदाच बघत होतो आणि ते हसू चांगलं नव्हतं. "झाकलं? कोन म्हनलं? मी लई मोठ्या मनाचा हाय असं वाटलं व्हय तुला? मी बोललो असतो तर दोन दिस लोकांनी तुला शिव्या दिल्या असत्या आन इसरले असते. न्हाई बोललो. म्हनलं, कागद लाव भिताडाला. रोज उठून बघ. आमच्या म्हाताऱ्याचं पागोटं पडलं तवा हसलावतास ना? आता हस."

बैलानं मान झटकली. त्याच्या शिंगाचा भंडारा माझ्या सदऱ्यावर उडाला. मला राग यायला हवा होता. आला नाही. छातीवरून काहीतरी जड उतरल्यासारखं झालं, कारण उपकार नव्हताच तो. वैर होतं. वैर मला कळतं.

मी सरळ निवेदकाकडे गेलो. तो गाड्यांची नावं पुकारत होता. मी म्हणालो, फौजी आहे, दोन शब्द बोलायचे आहेत. त्यानं आनंदानं माईक दिला. मी सांगितलं. चारही वेळा कोण कोण गेलं ते सांगितलं. चौथ्यांदा मी आडोशात बसून राहिलो, माझी पाळी असताना किसन गेला, त्याची बोटं माझ्या पाळीत गेली, आणि साहेबांना मी खोटं बोललो. बोलताना माझाच आवाज समोरच्या डोंगरावर आपटून परत येत होता.

घाट शांत झाला नाही. वरच्या बाजूनं कोणीतरी ओरडलं, "ए भाऊ, गाडा सोड की! ऊन झालंय!" काहींनी नुसतं 'फौजी' एवढंच ऐकलं होतं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. निवेदकानं गोंधळून माईक ओढून घेतला आणि पुढच्या गाड्याचं नाव पुकारलं. पण ज्यांना समजायचं त्यांना समजलं. मी उतरत असताना दोन-चार ओळखीच्या माणसांनी माझ्याकडे बघून वाट सोडली, जशी अंगावर काही सांडलेल्या माणसाला सोडतात तशी. घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. चुलते दारातच उभे होते.

"घराण्याचं नाक कापलंस," ते म्हणाले. "मेंढरामागच्याफुडं."

"तो मेंढरामागचा नाही," मी म्हणालो. "तो माझ्यापुढे गेला होता."

त्या दिवसापासून चुलते माझ्याशी बोलत नाहीत. कागद मी स्वतः काढून पलटणीच्या पत्त्यावर पाठवला, सोबत खरी हकीकत. पोच आली. बाकी काही नाही.

आठवड्यानं, सकाळी द्राक्षाच्या बागेत पाणी धरत होतो, तर बांधावर किसन. इतक्या वर्षांत बोरीत त्यानं पाऊल टाकलं नव्हतं. चप्पल काढली नाही, बांध ओलांडून आत आला नाही.

"येक राह्यलंय," तो म्हणाला. "तू समदं सांगितलंस. मंग माझंबी ऱ्हायला नको."

मी फावडं टेकवलं.

"तिसऱ्या टायमाला माझंबी पाय उचलत नव्हतं. तू बघितलं का न्हाई, ठावं न्हाई. मी बसलो व्हतो. म्हनलं, न्हाई जात, मरू दे लाईन. मंग तुझ्याकडं बघितलं. तू जाऊन आल्याला व्हतास. मेल्या मानसाच्या अंगावरनं जोड मारून. मनात म्हनलं, हे बोरीचं येडं जाऊन येतंय आन मी बसतोय? तुझ्या रागानं उठलो. चौथ्यांदाबी तुझ्याच रागानं गेलो. लोकं म्हनत्यात देशासाठी. आसंलबी. मला ठावं हाय ते मी सांगितलं."

पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत फुटलं होतं. आम्ही दोघंही ते बघत राहिलो.

"राग गेला का?" मी विचारलं.

"न्हाई," तो म्हणाला.

"माझाही नाही."

त्यानं मान हलवली, जणू हिशेब बरोबर जुळला. मग वळून बांधावरून चालू लागला. मी त्याला थांब म्हणालो नाही. तो थांबलाही नसता.